वाळवंटातली थंडी आणि आतला बनियन

वाळवंटात कसली आली थंडी, असे मलाही वाटायचे. गेल्या जानेवारीत दुबईला लेकाकडे होतो. ससाण्यांची शिकारी झेप पाहायला पहाटे वाळवंटात गेलो. त्या वेळी तिथे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. अंगात नेहमीचा सुती बनियन. वाळूत चालून घाम आला, आणि थांबताच हुडहुडी भरली. वरचा जाड स्वेटरही कामी आला नाही.

सूत घाम शोषते, पण लवकर वाळत नाही. ओले कापड अंगाची ऊब ओढून घेते. म्हणून अंगालगत पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा बनियन घालावा. त्यावर स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. चालताना घाम येण्याआधीच एक कपडा उतरवावा. लोकरीत लिनन मिसळलेले नाही ना, हेही पाहावे. तसे कापड आपल्याला वर्ज्य आहे.

उतारवयात थंडी उशिरा जाणवते. अंग कापू लागले, बोलणे अडखळले किंवा सुचेनासे झाले, तर ओले कपडे बदलून, पांघरून, लगेच डॉक्टर गाठा. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे धोक्याचे असते.

पिशवीत एक कोरडा बनियन असू द्या.