घरे बांधणाऱ्यांचा सलोख्याशी काय संबंध?

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात व्हँकुव्हरजवळ सरे इथे असते. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांताच्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाने, 'बीसी हाउसिंग'ने, मूलनिवासींशी सलोखा करण्याचे काम अंगावर घेतले आहे, असे ती सांगत होती. सभेच्या सुरुवातीला 'ही भूमी अमुक लोकांची आहे' असेही म्हणतात म्हणे. आपल्याकडे म्हाडा घरे बांधते, सोडत काढते. घरे बांधणाऱ्यांचा सलोख्याशी काय संबंध?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फार जवळचा संबंध आहे. कॅनडातल्या मूलनिवासींचे जे जे हिरावले गेले, त्यात राहते घरही होते.

व्हँकुव्हरमध्ये बरार्ड पुलाच्या पायथ्याशी स्क्वामिश लोकांचे सेनाक्व नावाचे गाव होते. शहर वाढू लागले, जागा मोक्याची ठरली. १९१३ साली प्रांतिक सरकारने दबाव आणून तिथल्या कुटुंबांना बार्जवर चढवून समुद्रमार्गे हलवले आणि मागे राहिलेली घरे जाळली. आजचे व्हँकुव्हर ज्या भूमीवर उभे आहे, ती मस्क्वीम, स्क्वामिश आणि स्लेवॉटुथ या समाजांनी कोणत्याही कराराने कधीच दिलेली नाही. तुमच्या मुलीने ऐकलेले ते वाक्य याचीच कबुली देते.

जे राखीव वसाहतींत राहिले, त्यांची अडचण वेगळी. १८७६च्या 'इंडियन ॲक्ट'खाली वसाहतीची जमीन सरकारच्या नावे असते आणि तिथल्या रहिवाशाची मालमत्ता बाहेरच्या बँकेला जप्त करता येत नाही. हे कलम संरक्षणासाठी आहे खरे. पण तारणच नाही म्हटल्यावर साधे गृहकर्ज मिळणे दुरापास्त होते. शिवाय हा विषय केंद्राचा, म्हणून प्रांत त्यात पडत नसत. शहरात आलेल्यांचे हालही कमी नाहीत. २०२३च्या गणनेत व्हँकुव्हर परिसरातल्या बेघरांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक मूलनिवासी निघाले, आणि एकूण लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा अगदी थोडा आहे. त्यामागे निवासी शाळांचा इतिहासही आहे. सुमारे दीड लाख मुलांना आईबापांपासून तोडून या शाळांत ठेवले गेले. त्याची चौकशी करणाऱ्या 'सत्य आणि सलोखा आयोगा'ने २०१५ मध्ये ९४ शिफारसी केल्या आणि सरकारी खात्यांना आपापल्या कारभाराकडे वळून पाहणे भाग पडले.

आता बीसी हाउसिंगने काय केले ते पाहू. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट विटा-सिमेंटची नाही, अधिकार सोडण्याची आहे. १९९६ मध्ये मूलनिवासींच्या गृहसंस्थांनी एकत्र येऊन 'एएचएमए' नावाने ओळखली जाणारी स्वतःची संघटना उभी केली. २०१२ मध्ये महामंडळाने मूलनिवासींसाठीच्या सामाजिक घरांचा कारभार तिच्याकडे सोपवला. आपल्या लोकांच्या घरांची व्यवस्था आता त्यांचेच लोक पाहू लागले. २०१८ मध्ये प्रांताने दहा वर्षांसाठी ५५ कोटी डॉलर आणि १,७५० घरांची योजना जाहीर केली. तीत राखीव वसाहतींतली घरेही धरली. असे करणारा हा कॅनडातला पहिला प्रांत. 'तो केंद्राचा विषय' हे जुने उत्तर तिथे संपले.

घराचा आराखडाही बदलतो. किनाऱ्यावरच्या समाजांत सीडर लाकडाच्या लांबलचक घरात अनेक नातलग कुटुंबे एकत्र राहत. सरकारी घर मात्र आई, वडील आणि दोन मुले एवढेच धरून आखलेले. गावाहून मावशी राहायला आली की माणसे 'जास्त' ठरायची. आता समाजाशी बोलून आखलेल्या प्रकल्पांत मोठी स्वयंपाकघरे, एकत्र जमण्याची खोली, वृद्धांसाठी जागा आणि धुरी देण्याच्या विधीसाठी धूर बाहेर काढण्याची सोय असते. पन्नास वर्षांपूर्वीच हे कुणी विचारले असते, तर किती कुटुंबांचे जगणे सुसह्य झाले असते!

सेनाक्वची थोडी जमीन, साडेदहा एकर, दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर स्क्वामिशांना परत मिळाली. त्यांनी तिथे सुमारे ६,००० भाड्याच्या घरांचे उंच मनोरे हाती घेतले. २०२२ मध्ये त्यातल्या पहिल्या दोन टप्प्यांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण महामंडळाने १४० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तोवरच्या त्याच्या इतिहासातले ते सर्वांत मोठे कर्ज होते. ही भीक किंवा भरपाई नाही. कर्ज फेडायचे आहे, आणि भाड्याच्या उत्पन्नातला वाटा समाजाच्या पदरात पडायचा आहे. ज्यांना हुसकावले तेच आता शहराला घरे देणार, हे मला फार मोठे वाटते.

म्हणून सभेतल्या त्या वाक्याला मी पोकळ म्हणणार नाही. पण मुलीला पुढचे प्रश्नही विचारायला सांगा : घर कुणाला द्यायचे हे कोण ठरवते? भाडे कुणाकडे जाते? दुरुस्तीचा पैसा कुणाच्या हाती आहे? २०२१च्या जनगणनेत कॅनडातल्या मूलनिवासींपैकी १६.४ टक्के लोक मोठी दुरुस्ती लागणाऱ्या घरांत राहत होते. इतरांमध्ये हेच प्रमाण ५.७ टक्के होते. सलोखा झाला की नाही, हे मी या दोन आकड्यांमधल्या अंतरावरून ओळखेन.