गिळा एकदाचं!

मेसमध्ये कुणी "चल, गिळून येऊ" म्हणालं की आपण हसतो. आमच्या निमगाव केतकीला आज्जी रागावली की ताट आदळून म्हणायची, "गिळा एकदाचं!" त्यामुळे 'गिळणे' म्हणजे 'खाणे'चं शिवराळ रूप, असंच मला वाटायचं. पण तसं नाही.

खाण्यात चावणं आलं, चव आली. गिळणं म्हणजे घास, घोट किंवा गोळी घशाखाली उतरवणं, एवढंच. आमच्याकडे पानमळे आहेत. विडा लोक चघळतात, कुणी गिळत नाही. चव न घेता नुसतं पोट भरणाऱ्याला 'गिळतोय' म्हणतात, म्हणून तो शब्द लागतो.

शब्द जुना आहे. संस्कृतात 'गॄ' धातूची 'गिरति' आणि 'गिलति' अशी दोन्ही रूपं होतात. पाणिनीनं हा र-लचा विकल्प नियमात सांगितलाय. प्राकृतात 'गिलइ' झालं. मराठीत फलचं फळ, कालचा काळ झाला, तसंच 'गिळणे'. दोन्ही रूपं आजही सापडतात : अज म्हणजे बोकड, तो गिळणारा अजगर; आणि 'तिमि' हा प्रचंड मासा गिळणारा तिमिंगिल. 'गळा'ही याच घरातला. नळ 'गळतो' तो धातू मात्र वेगळा.

पुढे अर्थ पसरला. माणसं राग गिळतात, अपमान गिळतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणानं आमच्याच इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव गिळलं. पाणी फार आटलं की तिथलं देऊळ वर दिसतं. गिळलेलं अख्खंच्या अख्खं आत जातं आणि दिसेनासं होतं.

दोन वर्षांपूर्वी आज्जीला अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी आधी विचारलं, "गिळता येतंय का?" घास उतरताना श्वासनलिका त्याच क्षणी झाकली जावी लागते, आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्हचं टायमिंग. ते चुकलं तर अन्न फुप्फुसात जातं. म्हणून नाकातून नळी घातली.

नवव्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीनं आईनं चमचाभर घट्टसर पेज तिच्या ओठांशी नेली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, गिळा." आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत उभे होतो. गळा हलला. पेज उतरली.

मेसमध्ये हा शब्द खुशाल वापरा. फक्त तो केवढा आहे, ते ठाऊक असू द्या.