हाताचे प्राधान्य, भाषा आणि मेंदूचे गोलार्ध



शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण प्रामुख्याने मेंदूचा डावा गोलार्ध करतो आणि डाव्या बाजूचे उजवा गोलार्ध करतो. त्यामुळे उजव्या हाताने लिहिणाऱ्या व्यक्तीची भाषा डाव्या गोलार्धात, तर डावखुऱ्या व्यक्तीची उजव्या गोलार्धात असावी, असे सहज वाटते. हा समज कितपत खरा आहे, ते या उपघटकात पाहू.

भाषेच्या स्थानाचा शोध

१८६१ मध्ये पॅरिसमधील शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाची तपासणी केली. त्याला इतरांचे बोलणे समजत असे. स्वतः मात्र तो जवळजवळ 'ताँ' एवढेच उच्चारू शके. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा आढळली. अशा अनेक रुग्णांच्या अभ्यासानंतर, १८६५ मध्ये ब्रोका यांनी वाणीचे कार्य मुख्यतः डाव्या गोलार्धाकडे असल्याचे प्रतिपादन केले. डावखुऱ्यांमध्ये याच्या नेमके उलट असते, असे पुढे दीर्घकाळ गृहीत धरले गेले.

समजाची कसोटी

वाडा चाचणीत एका गोलार्धाचे कार्य औषधाने काही मिनिटे थांबवून रुग्णाचे बोलणे तपासले जाते. या चाचणीच्या आधारे रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहानपणी डाव्या गोलार्धाला इजा न झालेल्या रुग्णांपैकी उजव्या हाताच्या सुमारे ९६ टक्के व्यक्तींची वाणी डाव्या गोलार्धात होती. डावखुऱ्या किंवा दोन्ही हात वापरणाऱ्या व्यक्तींमध्येही हे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. उरलेल्यांपैकी निम्म्यांची वाणी उजव्या, तर निम्म्यांची दोन्ही गोलार्धांत आढळली.

म्हणजेच हात आणि भाषा यांचा संबंध आहे. परंतु हातावरून भाषेचे स्थान निश्चित सांगता येत नाही. डावखुरेपणा म्हणजे उलटा मेंदू नव्हे.

भाषेतील पूर्वग्रह

आता आपल्या मराठीकडे पाहा. सरस गोष्ट 'उजवी' ठरते, विश्वासू सहकारी 'उजवा हात' असतो, उपेक्षा करणे म्हणजे 'डावलणे'. डाव्या हाताने पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाचा हात आपण दटावून बदलतो, तेव्हा त्यामागे मेंदूविज्ञान नसते. शब्दांतून रुजलेला हा पूर्वग्रह असतो. भाषेचा अभ्यासक म्हणून तो ओळखणे आपले काम आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ब्रोका यांच्या निरीक्षणाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. 'डावा' आणि 'उजवा' या शब्दांवरून बनलेले आपल्या बोलीतील पाच वाक्प्रयोग नोंदवून त्यांतील मूल्यभाव सांगा.