चाचणी घरी, औषध दवाखान्यात

ताप आला तर आपण येलदरीहून जिंतूरला जातो. हाड मोडले तर परभणी गाठतो. पण गुप्तरोगाचा संशय आला की पाय उचलत नाही. "रांगेत कोणी पाहिलं तर? गावभर होईल!" ही भीती खोटी नाही. पण भीतीपायी दुखणे अंगावर काढले, तर ते घरभर होते.

गरमीचेच पाहू. तिला उपदंशही म्हणतात. आधी एक व्रण येतो. तो बहुधा दुखत नाही. औषधावाचून बुजतो. माणूस म्हणतो, "सुटलो बुवा!" पण रोग अंगातच राहतो. तो नवऱ्याकडून बायकोला लागतो, आईकडून पोटातल्या लेकराला लागतो. लेकरू दगावूही शकते. पुष्कळांना तर कसलाच त्रास जाणवत नाही. म्हणून रक्त तपासावे लागते.

लाज सगळ्या मुलखांत सारखीच. लंडन शहराच्या लॅम्बेथ आणि साउथवर्क या भागांत 2014-15 साली एक प्रयोग झाला. दोन हजारांवर तरुण माणसे त्यात होती. काहींना मोबाईलवर दवाखान्यांची माहिती दिली. बाकीच्यांना मोबाईलवरून चाचणीची पेटी घरी मागवण्याची सोय दिली. बोटाचे रक्त वगैरे घरीच काढायचे आणि टपालाने धाडायचे. सहा आठवड्यांत काय झाले? पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे 27 जणांनी चाचणी केली. दुसऱ्या गटात शंभरातल्या 50 जणांनी केली.

मग दवाखान्याची गरज संपली का? नाही. ज्याला त्रास नाही, त्याने घरी तपासले की रांग तेवढी कमी होते. पण ज्याला व्रण आहे, त्याला डॉक्टरनेच पाहावे लागते. ज्याच्या चाचणीत रोग निघाला, त्याला औषध घ्यावेच लागते. पेटी रोग सांगते, बरा करत नाही. गरमी पेनिसिलिनच्या सुईने बरी होते. ती सुई दवाखान्यातच मिळते.

आपल्याकडेही शहरांत मोबाईलवरून कळवले की खाजगी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त नेतो. त्याला पैसे पडतात. सरकारी चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी फुकट होते. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात असे केंद्र आहे. तिथे आधी सल्लागार एकांतात बोलतो. तुमच्या संमतीवाचून चाचणी करायची नाही आणि निकाल फोडायचा नाही, असा 2017 चा कायदा आहे. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. घरूनच विचारायचे असेल, तर 1097 हा नंबर फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आम्ही एवढेच सांगतो. भिंतीवरची जाहिरात वाचून भोंदूकडे जाऊ नका. चाचणी कुठेही करा, पण रोग निघाला तर नवरा-बायको दोघांनी मिळून दवाखान्यात जा. एकानेच औषध घेतले, तर रोग पुन्हा लागतो.

सांगा पाहू :
1. व्रण बुजला म्हणजे गरमी गेली का?
2. घरी चाचणी झाली, तरी दवाखाना का लागतो?
3. औषध दोघांनी का घ्यावे?