शहराचे सांडपाणी : उद्योगाला किती, शेतीला किती?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. त्यापैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. पिण्याव्यतिरिक्तच्या वापरासाठी हा मोठा स्रोत आहे. मात्र अनेकदा आधी प्रक्रिया केंद्र उभारले जाते आणि मग ग्राहकाचा शोध सुरू होतो. वस्तुतः प्रथम ग्राहक, नंतर त्याला लागणारा दर्जा आणि शेवटी यंत्रणा, असा क्रम हवा.

याचे कारण पाण्याच्या रसायनात आहे. दुय्यम प्रक्रियेनंतरही पाण्यात नत्र व स्फुरद उरतात. पिकाला ते खतासारखे उपयोगी पडतात; औष्णिक विद्युत केंद्राच्या शीतकरण मनोऱ्यात मात्र त्यांच्यामुळे शेवाळ वाढते व फॉस्फेटची पुटे चढतात. शेतीला धास्ती असते ती सोडियमची, कारण त्याने जमीन चोपण होते. शिवाय जंतांची अंडी व रोगजंतू यांचीही.

सुरत महानगरपालिकेने २०१४ मध्ये पांडेसरा औद्योगिक वसाहतीसाठी दररोज ४० दशलक्ष लिटर क्षमतेचे तृतीय प्रक्रिया केंद्र सुरू केले. ग्राहक जवळचा, बारमाही आणि पाण्याचे मोल देणारा असल्याने महागडी प्रक्रियाही परवडते. अंतराचा हाच विचार २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात दिसतो : सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेले पाणी वापरणे त्यात बंधनकारक केले गेले.

शेतीची मागणी हंगामी असते, सांडपाणी मात्र पावसाळ्यातही रोज येतच राहते. त्यामुळे साठवणुकीविना सिंचन योजना अपुरी ठरते. बंगळुरूचे दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी कोलारच्या तलावांत सोडण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तलाव भरावेत, भूजल वाढावे आणि शेतकऱ्याने ते विहिरीतून उपसावे, अशी तिची रचना आहे. परंतु दुय्यम प्रक्रियेवरच थांबल्याने वाद उद्भवला. त्याच वर्षी तलावात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

आणखी एक बाब परीक्षार्थींकडून हमखास सुटते. हैदराबादच्या खालच्या अंगाला मुसी नदीकाठी कित्येक दशके शहराच्या सांडपाण्यावर भात व चारा पिकतो. अशा ठिकाणी उद्योगाशी करार करण्यापूर्वीच या शेतकऱ्यांच्या वापराची मोजणी करून तेवढे पाणी वाटपात राखून ठेवावे लागते.