पाहिले खरे, पण शिकलो काय?



यवतमाळ जिल्ह्यात कीर्तनाच्या निमित्ताने फिरताना आम्हांस हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "महाराज, पोट्टं मोबाईलवर पाहूनच मृदंग शिकून राह्यलं, असं शिकणं चालते का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यात शास्त्राचा विषय आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

श्रवण, मनन, निदिध्यासन या ज्ञानाच्या तीन पायऱ्या वेदान्तात सांगितल्या आहेत. यांतील पहिली पायरी व्हिडिओने फार सोपी केली, हे कबूल केले पाहिजे. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पालख्या एस.टी.ने पंढरीस गेल्या आणि वारकरी घरी राहिले, तेव्हा याच साधनाने घरोघर कीर्तन पोचवले. आळंदीस राहून शिकणे ज्यास परवडत नाही, त्या मुलासही मृदंगाचे बोल घरी ऐकता येतात. दहादा मागे नेऊन ऐकले तरी यंत्र कंटाळत नाही.

मग उणे कोठे पडते? गीताच पाहा. ती दोघांनी ऐकली. अर्जुनाने भगवंतांसमोर, धृतराष्ट्राने संजयाच्या मुखाने दूर राजवाड्यात. उपदेश तोच. परंतु अर्जुन मध्ये मध्ये शंका काढतो. आणि अठराव्या अध्यायात भगवंतच त्याला विचारतात, की बाबा, नीट ऐकलेस ना, मोह गेला ना? धृतराष्ट्राने आरंभी एक प्रश्न केला, पुढे गीता संपेपर्यंत तो बोलला नाही आणि त्याला कोणी काही विचारलेही नाही. अर्जुनाचा मोह गेला, धृतराष्ट्राचा पुत्रमोह तसाच राहिला. तात्पर्य, शिकवणारा उलट विचारतो तेव्हाच शिकवणे पुरे होते.

मृदंगाचा बोल चुकला तर भजन बेताल होईल, एवढेच. पण आपल्या जिल्ह्यात एक काम असे आहे, की ते चुकले तर जीव जातो. ते म्हणजे पऱ्हाटीवरची फवारणी. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. माणसाच्या उंचीची पऱ्हाटी, एकत्र मिसळलेली औषधे, तोंडाला आणि हातांना आवरण नाही, अशी कारणे तेव्हा पुढे आली.

जेथे चूक परवडत नाही, तेथे आभासी विश्वाचा उपयोग आहे. वैमानिक बनावट विमानात बसून आधी सराव करतात. तेथे विमान पडले तरी कोणी मरत नाही. आता तर डोळ्यांवर यंत्र चढवले की चहूकडे वेगळे जग दिसते, आणि त्यात केलेली चूक तेथल्या तेथे कळते. "पण ते सारे खोटेच ना?" असे कोणी म्हणेल. वेदान्तात याला स्वप्नातल्या वाघाचा दृष्टांत आहे. वाघ खोटा, पण त्याच्या भीतीने येणारी जाग खरी असते.

अशी यंत्रे गावात नाहीत म्हणून अडून बसू नये. फवारणीपूर्वीच्या एकादशीस मंडळी भजनास जमतातच. तेथे कृषी खात्याचा मिळेल तो व्हिडिओ सर्वांनी मिळून पाहावा. शेतमजुरालाही आग्रहाने बोलवावे, कारण पाठीवर पंप बहुधा त्याच्याच असतो. मग जाणत्याने एकेकास विचारावे: डब्यावरचा लाल त्रिकोण काय सांगतो? (विष सर्वांत जहाल. हिरवा असला तरी ते विषच.) वारा कोठून वाहतो? अंगावर औषध सांडले तर आधी काय करावे? (कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे.) त्यानंतर, ज्यात कधीही औषध भरलेले नाही अशा नव्या पंपात निव्वळ पाणी घेऊन प्रत्येकाकडून फवारणी करून घ्यावी. अंग जेथे भिजेल, तेथेच उद्या विष लागणार, हे ज्याचे त्याला कळेल. हेच आपले गरिबाचे आभासी विश्व!

तेव्हा मुलाने मोबाईलवर खुशाल शिकावे. मात्र आठवड्यातून एकदा तरी जाणत्या मृदंगाचार्यापुढे बसून वाजवून दाखवावे. दाखवण्याचे काम यंत्र करील. विचारणारा माणूस मात्र गावाने द्यावा.

रामकृष्णहरि.