शब्द ओळख : जनुक आणि आपल्या कळपातला बोकड



डीएनए, जनुक, गुणसूत्र हे शब्द बियाण्याच्या जाहिरातीत नेहमी कानावर पडतात. आज ते आपल्या उस्मानाबादी शेळीवरून समजून घेऊ.

*डीएनए* – शेळीचं अंग बारीक पेशींनी बनलेलं असतं. पेशीच्या केंद्रकात दोन पदरी, पिळलेल्या दोरीसारखा धागा असतो, तो डीएनए. शरीर कसं घडवायचं ही माहिती त्यावर चारच रासायनिक अक्षरांत असते: ए, टी, जी, सी.

*जनुक* – त्या धाग्याचा एक तुकडा. रंग, वाढ, दूध, जुळी करडं या गुणांमागं जनुकं असतात. मात्र चारापाणी कमी पडलं तर चांगलं जनुकही कामी येत नाही.

*गुणसूत्र* – डीएनएची घट्ट गुंडाळी. शेळीत 60 असतात: 30 आईकडून, 30 बापाकडून.

आता हिशोब बघा. एक शेळी तिच्या दोन-चार करडांनाच जनुकं देते. बोकड मात्र कळपातल्या सगळ्याच करडांना निम्मी जनुकं देतो. तरीही आपण काय करतो? जोमदार बोकड बाजारात विकतो आणि उरलेला किरकोळ बोकड पैदाशीला ठेवतो. मग पुढची पिढी तशीच निघते.

*लक्षात ठेवा*

1️⃣ पैदाशीचा बोकड जुळ्यातला निवडा. त्याची आई जुळी देणारी, दुधाची असावी. बोकड स्वतः वीत नाही, पण ती जनुकं त्याच्या पाटींमध्ये उतरतात.

2️⃣ बापाकडून लेकीला नको तोच बोकड. काही दोषी जनुकं दबून असतात. नात्यातला जोड लागला की ती दोन्हीकडून एकत्र येतात. करडं अशक्त निघतात, मरतूक वाढते. बोकड आणल्यावर पाच महिन्यांनी शेळ्या वितात, पुढं सात-आठ महिन्यांत पाटी माजावर येऊ लागतात. म्हणून वर्ष भरता भरता बोकड बदला.

3️⃣ बदलायला नवा विकतच घ्यावा असं नाही. दुसऱ्या गावच्या सभासदाशी अदलाबदल करा. आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून ब्रुसेलाची तपासणी करून घ्या.

4️⃣ नर की मादी हे बोकडाच्या गुणसूत्रावर ठरतं. बोकडच होतात, पाट होत नाही म्हणून शेळीला दोष देऊ नका.

5️⃣ नको असलेले नर वेळीच खच्ची करा किंवा वेगळे बांधा.

आपली उस्मानाबादी काटक आहे, जुळी देते. हे गुण तिच्या जनुकांत आहेत. ते टिकवणं आपल्या हातात आहे.

👉 तुमचा बोकड कधी आणला, कुठून आणला, त्याची आई कशी होती? ग्रुपवर लिहा. अदलाबदलीसाठी जोड्या लावू.